ययातीच्या कव्हरातली कॅटनिस

पन्नाशी उलटलेल्या मराठी पुरुषाने काय वाचावं, याचे अलिखित नियम आहेत. सकाळी पेपर. रात्री एखादं आत्मचरित्र, शक्यतो निवृत्त सनदी अधिकाऱ्याचं. चातुर्मासात सार्थ ज्ञानेश्वरी, निदान उशाशी. मधुमेह निघाला असेल तर त्यावरचं एक पुस्तक, आणि निघाला नसेल तर तो निघू नये म्हणून दुसरं. या यादीत धनुष्यबाण घेऊन रानात फिरणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीची गोष्ट कुठेच बसत नाही. मला नेमकी तीच आवडते. सुझान कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेची 'हंगर गेम्स' ही मालिका माझ्या उशाशी असते आणि ज्ञानेश्वरी तिच्यावर झाकण म्हणून ठेवलेली असते.

दुसऱ्या एखाद्या उपनगरात हे खपून गेलं असतं. पण मी राहतो वांद्रे पूर्वेला, साहित्य सहवासापासून हाकेच्या अंतरावर. लेखकांनी एकत्र येऊन उभी केलेली ही वसाहत. इमारतींची नावंसुद्धा 'झपूर्झा', 'शाकुंतल', 'उषःकाल' अशी. विंदा करंदीकर इथे राहिले, गंगाधर गाडगीळ राहिले, धर्मवीर भारती राहिले. कवी आणि प्राध्यापक रमेश तेंडुलकरांचा धाकटा मुलगा याच आवारात क्रिकेट खेळत मोठा झाला. साहित्यिकांच्या वसाहतीचं नाव जगभर गेलं ते त्याच्या बॅटमुळे. हा विनोद मी केलेला नाही, तो आपोआप झाला. अशा फाटकावरून काखेत किशोरांची कादंबरी घेऊन जाणं म्हणजे सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात मॅगीचं पाकीट घेऊन शिरणं.

हे व्यसन मला लेकीमुळे लागलं. तिने शाळेत असताना ही पुस्तकं वाचली, नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि जाताना खोकं माळ्यावर टाकून गेली. मी ते रद्दीत द्यायला खाली काढलं आणि तिथेच शिडीवर बसून वाचायला लागलो. रद्दीवाला दोनदा हाक मारून निघून गेला.

गोष्ट अशी. भविष्यकाळात अमेरिकेच्या जागी पॅनेम नावाचा देश आहे. कॅपिटॉल ही चैनीत लोळणारी राजधानी आणि तिला पोसणारे १२ जिल्हे. जिल्ह्यांनी कधीकाळी बंड केलं होतं. ते मोडून काढलं, आणि त्याची आठवण राहावी म्हणून दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यातून १२ ते १८ वयातला एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून निवडायची पद्धत पडली. ही २४ मुलं रिंगणात सोडायची, एक उरेपर्यंत त्यांनी एकमेकांना मारायचं आणि सगळ्या देशाने ते टीव्हीवर बघायचं. कोळशाच्या खाणींच्या बाराव्या जिल्ह्यात प्रिम नावाच्या लहानग्या मुलीची चिठ्ठी निघते आणि तिची थोरली बहीण कॅटनिस पुढे होऊन म्हणते, हिच्याऐवजी मी जाते.

इतकं मी आईला रंगवून सांगितलं. ती मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे बकासुर."

"अगं, हे भविष्यकाळातलं आहे."

"असेल. एकचक्रा नगरीत रोज एका घराची पाळी. गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस. त्या ब्राह्मणाची पाळी आली तेव्हा कुंतीने त्याच्या जागी भीमाला पाठवला. यात तुझ्या अमेरिकेने नवीन काय केलं? आणि ते खोकं आधी आवर."

आईचं म्हणणं खोडता येईना. कॉलिन्सबाईंनीही एक धागा पुराणातूनच उचलला आहे, फक्त ग्रीकांच्या: अथेन्सने क्रीटच्या राजाकडे सात मुलगे आणि सात मुली पाठवायच्या आणि बैलतोंड्या मिनोटॉरने त्या खायच्या. दुसरा धागा त्यांना टीव्हीसमोर सापडला. एका रात्री त्या चॅनेल बदलत बसल्या होत्या. एकीकडे रिअ‍ॅलिटी शो, दुसरीकडे इराकच्या युद्धाची दृश्यं. झोप डोळ्यांवर आलेली, आणि बघता बघता दोन्ही एकमेकांत मिसळली. वडील अमेरिकी हवाई दलातले, व्हिएतनामला जाऊन आलेले, त्यामुळे युद्ध हा विषय घरातलाच होता.

पहिलं पुस्तक आलं सप्टेंबर २००८ मध्ये. तेव्हा मी काय करत होतो ते मला पक्कं आठवतं, कारण सगळा महाराष्ट्रच ते करत होता. आम्ही 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' बघत होतो. आवडत्या पोराला वाचवायला एसएमएस पाठवत होतो. कुणी बाद झालं की सोफ्यावर बसून डोळे पुसत होतो आणि पुसता पुसता पुढच्या भागाची वेळ विचारत होतो. मुलं गुणी होती, गोड गळ्याची होती, त्यांच्या हातात कुणी तलवारी दिल्या नव्हत्या. त्यांच्याबद्दल माझी तक्रारच नाही. प्रश्न सोफ्यावरच्या माणसाचा आहे, आणि तो मला पुस्तक वाचतानाही पडला नाही. वाचताना मी कॅटनिस होतो. आमच्याकडे सिलिंडर उचलताना माझ्या पाठीत उसण भरते, तरी होतो.

अंमल चढला की मला वांद्र्यातच पॅनेम दिसू लागतं. यात माझा दोष कमी, वांद्र्याचा जास्त. स्टेशनच्या पश्चिमेला उतरा: कॅपिटॉल. निळे-जांभळे केस, मुद्दाम फाडलेल्या विजारी, कार्टर रोडवर मालकापेक्षा टापटीप कुत्रे आणि एका कॉफीला आमच्याकडे महिन्याचा पेपर येईल एवढा भाव. पूर्वेला उतरा: जिल्हे. सरकारी वसाहत, खेरवाडी, बेहरामपाडा आणि 'बीकेसी, बीकेसी' असा घोष करणाऱ्या शेअर रिक्षा. सीमासुद्धा कडक. पॅनेममध्ये एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाता येत नाही. आपल्या रिक्षाला माहीमची खाडी ओलांडता येत नाही. वांद्र्याला तिचं राज्य संपतं आणि पुढे टॅक्सीचं सुरू होतं.

आणि चिठ्ठ्या! म्हाडाचं मुख्यालय आमच्या कलानगरलाच. घरांची सोडत कित्येक वर्षं वांद्रे रेक्लमेशनवरच्या रंगशारदा नाट्यगृहात निघायची. मी तिथे बसलेलो आहे. एरवी ज्या रंगमंचावर नाटक बघायचं, तिथे पडद्यावर नावं झळकत होती आणि खाली शेकडो माणसं श्वास धरून होती. माझ्या शेजारच्या बाई गजानन महाराजांचा फोटो पडद्याकडे तोंड करून धरून बसल्या होत्या, म्हणजे महाराजांनाही नावं वाचता यावीत. कादंबरीत चिठ्ठी निघाली की मरण, म्हणून आपलं नाव येऊ नये असा धावा. इथे उलटा धावा. कादंबरीत गरिबांच्या पोरांना जादा धान्य हवं असेल तर नावाच्या जादा चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. कॅटनिसच्या २० होतात, तिच्या मित्राच्या, गेलच्या, ४२. हे वाचून माणसाच्या अंगावर काटा यायला हवा. मला हेवा वाटला. ४२ चिठ्ठ्या! आमच्याकडे अत्यल्प, अल्प, मध्यम, उच्च असे उत्पन्नाचे गट पाडून, अनामत भरून, दैवाच्या हवाली. २०२४ मध्ये मुंबईच्या सोडतीत घरं होती २,०३० आणि अर्ज लाखाच्या वर. प्रिमची तर हजारोंत एकच चिठ्ठी, तीही पहिल्याच वर्षी, आणि निघाली. "एवढी नशीबवान पोरगी, भलत्याच सोडतीत वाया गेली," असं मी लेकीला म्हणालो. तिने फोन ठेवून दिला.

तर १८ मार्च २०२५ ला मालिकेतलं नवं पुस्तक आलं, 'सनराइज ऑन द रीपिंग'. त्याच्या आधीचं मे २०२० मध्ये, ऐन टाळेबंदीत आलं होतं. तेव्हा खाली दूध आणायला जातानाही पोलीस दिसला की छातीत धडधडायचं, त्यामुळे वातावरणनिर्मिती फुकट झाली होती. नवं पुस्तक हेमिचचं. आधीच्या पुस्तकांत तो कॅटनिसचा दारुडा मार्गदर्शक. इथे तो सोळा वर्षांचा आहे. खेळांचं पन्नासावं वर्ष, म्हणून सरकारने उदार होऊन मुलं दुप्पट केली आहेत, ४८. आणि या सगळ्याच्या मुळाशी डेव्हिड ह्यूम या अठराव्या शतकातल्या स्कॉटिश तत्त्वज्ञाला पडलेलं कोडं आहे: मूठभर माणसं एवढ्या मोठ्या जनतेवर इतक्या सहज राज्य करतात कशी? ह्यूमसाहेब सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहिले नव्हते. राहिले असते तर हे कोडं त्यांना पडलंच नसतं.

पुस्तक घ्यायला मी पूल ओलांडून पश्चिमेला गेलो. दुकानात हा विभाग नेमका आतल्या कोपऱ्यात, आणि तिथे शाळेच्या गणवेशातल्या तीन मुली जमिनीवर मांडी ठोकून बसलेल्या. त्यांच्या डोक्यांवरून हात लांबवून मी प्रत उचलली तेव्हा तिघींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आपण होऊन म्हणालो, "बेटी के लिए." काउंटरवरच्या मुलीने ते ऐकलं होतं. तिने विचारलं, "गिफ्ट रॅप, अंकल?" आता नाही कसं म्हणणार? तिने पुस्तक गुलाबी कागदात बांधलं, वर चंदेरी रिबीन लावली आणि कार्डावर काय लिहू म्हणून विचारलं. मी लेकीचं नाव सांगितलं. परतीच्या रिक्षात मी ती रिबीन दाताने तोडली. रिक्षावाला आरशातून बघत होता. कुणाच्या तरी पोरीचा वाढदिवस बुडवणारा माणूस म्हणून त्याने मला उतरवलं.

घरी आल्यावर वेष्टनाचा प्रश्न. ऑफिस बीकेसीत, तिथे हे पुस्तक उघडं नेणं शक्य नव्हतं. वडिलांच्या कपाटात 'ययाति'ची जुनी प्रत होती. वि. स. खांडेकरांची १९५९ ची कादंबरी, मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणारी. तिचं कव्हर काढून घातलं, कडेला बोटभर कमी पडलं, पण भागलं. एकदम वजन आलं. हे सगळं बायको दारातून बघत होती.

"कव्हर अगदी शोभून दिसतंय," ती म्हणाली. "पोराचं तारुण्य उसनं घेणारा म्हातारा."

मी हा शेरा कव्हराबद्दलच आहे असं समजून पुढे गेलो.

पुढचे काही दिवस छान गेले. शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या शेजारची चौथी सीट मिळाली तरी मी अर्ध्या मांडीवर टेकून वाचत असे. एकदा हेमिचच्या जिल्ह्यातल्या एका मुलीचं काही खरं दिसेना, तेव्हा माझे डोळे भरून आले. मागच्या सीटवरच्या गृहस्थांनी खांद्यावर हात ठेवला. कव्हराकडे बघत हलक्या आवाजात विचारलं, "शर्मिष्ठा का?" मी मान हलवली. त्यांनी खिशातला रुमाल पुढे केला. मराठी साहित्याबद्दल बीकेसीच्या वाटेवर एवढा जिव्हाळा असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

घात केला तो वरच्या मजल्यावरच्या सरांनी. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले, ज्येष्ठ नागरिक संघाचा कणा. जिन्यात मला अडवून म्हणाले, "वा! ययाति! बरं झालं. संघात माझं खांडेकरांवर भाषण आहे. माझी प्रत कुणीतरी ढापली. दोन दिवस द्या."

"सर, माझं अजून वाचून..."

"अहो, हजारो वर्षं थांबलाय तो. आणखी दोन दिवस काय पळून जातोय?" आणि शाळेत चिठ्ठी पकडायची सवय असलेल्या हाताने त्यांनी पुस्तक काढून घेतलं.

मुलं नुकतीच रिंगणात उतरली होती. मी जिन्यात हात रिकामे घेऊन उभा. दोन दिवस झाले, सरांचा पत्ता नाही. आठवडा झाला. ज्येष्ठ नागरिक संघातलं खांडेकरांवरचं भाषण प्रकृतीच्या कारणास्तव पुढे ढकलल्याचं फळ्यावर आलं. मी रात्री पाणी प्यायला उठलो तर वरच्या खिडकीत दिवा. शेवटी एकदा कचऱ्याच्या डब्यापाशी गाठ पडली. सरांचे डोळे तांबारलेले.

"खांडेकरांची भाषा," सर म्हणाले, "पुष्कळच बदललेली दिसते."

मी जमिनीकडे बघितलं. सरांनी आजूबाजूला कुणी नाही याची खात्री केली आणि आवाज खाली आणला. "याच्या आधीचे भाग आहेत का तुमच्याकडे?"

त्या दिवसापासून आमचं गुप्त वाचन मंडळ सुरू झालं. संध्याकाळी गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे. सरांनी एकदा विचारलं, "आपल्याकडे असं कुणी लिहीत नाही का हो?" मी सांगितलं, लिहितात की. अनिल मेनन यांची २००९ ची किशोरांसाठीची इंग्रजी कादंबरी थेट २०४० सालच्या पुण्यात घडते. मंजुळा पद्मनाभन यांचं 'हार्वेस्ट' हे १९९७ चं नाटक मुंबईतलं, एका खोलीच्या बिऱ्हाडातलं. काळ धरलाय २०१० चा. घरातला कर्ता पुरुष परदेशी श्रीमंताला आपले अवयव द्यायचा करार करतो आणि बदल्यात कंपनी घर सुधारून देते. नवं स्वयंपाकघर येतं, घरात स्वतंत्र संडास येतो.

सर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कार्पेट एरिया किती?"

त्यांचंही चुकलं नव्हतं. त्या दिवसांत आमच्या सोसायटीत दुसरा विषयच नव्हता. इमारत जुनी, जिन्याच्या सळ्या दिसायला लागलेल्या, पुनर्विकासासाठी तीन बिल्डरांच्या निविदा आलेल्या. कमिटीच्या मनात पहिला नंबर आहे हे वॉचमनलाही ठाऊक होतं. दुसरा बरा होता. तिसऱ्याला सगळे हसत होते: रंगीत पुस्तिकेत गच्चीवर पोहण्याचा तलाव, आकाशातली बाग आणि कोचावर बसलेलं एक गोरं कुटुंब, पण जादा जागा सगळ्यांत कमी आणि भाडं किती ते लिहायला जागाच उरली नव्हती.

बिल्डर निवडण्याची ही विशेष सर्वसाधारण सभा साधी नसते. सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खाली २००९ मध्ये शासनाने नियम घालून दिले, २०१९ मध्ये ते सुधारले. दोन तृतीयांश सभासदांची हजेरी लागते, निबंधकांचा अधिकृत प्रतिनिधी समोर बसावा लागतो, एकूण सभासदांपैकी निदान ५१ टक्क्यांची लेखी संमती लागते आणि सगळ्या सभेचं व्हिडिओ चित्रीकरण करावं लागतं. शेवटची अट कृपया लक्षात ठेवा.

मी बंड करायचं ठरवलं होतं. विचारायचे प्रश्न कागदावर लिहून खिशात ठेवले होते: इमारत रखडली तर भाडं कोण देणार, बँक गॅरंटी किती रकमेची, पार्किंग करारात आहे की नुसतं चित्रात? सर माझ्या मागच्या खुर्चीत होते. वाटत होतं, आज ह्यूमच्या कोड्याचा निकाल लावायचा. पण बंडालाही समोर कुणीतरी लागतं. पॅनेमचा अध्यक्ष स्नो कोटाला गुलाब लावून येतो, अंगाला रक्ताचा वास मारतो. त्याचा राग येणं सोपं आहे. आमचे सेक्रेटरी स्वतः ट्रे घेऊन लिंबू सरबत वाटत फिरत होते. माझ्यापाशी थांबून म्हणाले, "तुमचं बिनसाखरेचं वेगळं काढलंय हं." या माणसाविरुद्ध मशाल कशी पेटवायची?

प्रतिनिधींनी विचारलं, "कुणाला काही शंका?" माझ्या घशाला कोरड पडली. कागद खिशातून निघेना. आणि सभेत काहीतरी तर केलंच पाहिजे, अशा त्या क्षणी माझा हात आपोआप वर गेला.

कादंबरीत बाराव्या जिल्ह्याची एक जुनी खूण आहे. डाव्या हाताची मधली तीन बोटं ओठांना लावायची आणि हात समोर धरायचा. कृतज्ञता, आदर आणि निरोप असं सगळं त्यात येतं. एरवी ती मयताला दिसते. कॅटनिस बहिणीच्या जागी उभी राहते तेव्हा टाळ्या वाजवण्याऐवजी सगळा जिल्हा ही खूण करतो. ती पुस्तकाबाहेरही पडली आहे. २०१४ मध्ये थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा लोकांनी रस्त्यावर तीन बोटं उभारली, त्यापायी विद्यार्थ्यांना ताब्यात घेतलं गेलं, बँकॉकमध्ये या मालिकेतल्या सिनेमाचे खेळसुद्धा एका चित्रपटगृह कंपनीने रद्द केले. २०२१ मध्ये म्यानमारमध्ये तीच खूण दिसली. तीन बोटांना लष्कर घाबरतं, एवढं मला माहीत होतं. आमची सोसायटी काय करील याचा विचार मी केला नव्हता.

माझी तीन बोटं ओठांना लागली आणि हात समोर गेला. समोर खजिनदारबाई बसल्या होत्या. त्यांनी आधी मागे वळून पाहिलं, मग पदर सावरला, मग यजमानांकडे पाहिलं. यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मंडपाच्या दाराशी उभ्या असलेल्या चहावाल्याने मान डोलावली आणि मिनिटाभरात तीन कटिंग माझ्या खुर्चीपाशी आणून ठेवले. मागून कुणीतरी कुजबुजलं, "डावा हात? शुभकार्यात?" आणि प्रतिनिधींनी चष्मा वर सरकवत शांतपणे सांगितलं, "निविदा क्रमांक तीन. एक मत. लिहून घ्या."

मी "नाही, नाही" म्हणणार तोच मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सर उठून उभे होते. वय सत्तरीपुढे, डोळ्यांत पाणी, डाव्या हाताची तीन बोटं ओठांना लावलेली.

"दोन," प्रतिनिधी म्हणाले.

पहिला नंबर दणदणीत मतांनी निवडून आला. भाडं, गॅरंटी, पार्किंग यांबद्दल कुणी काही विचारलं नाही. इतिवृत्तात नोंद आहे: तिसऱ्या निविदेस दोन मते. त्यानंतर माझ्या आणि सरांच्या नावापुढे सोसायटीत एकच प्रश्न लागला: किती मिळाले? लिफ्टमध्ये मी शिरलो की बोलणं थांबायचं. व्हिडिओ तर कमिटीच्या ग्रुपवर सगळ्यांनी पाहिला, खजिनदारबाईंच्या यजमानांनी बहुधा सावकाश करून पाहिला. आणि उरलीसुरली अब्रू तिसऱ्या बिल्डरने घालवली. एवढ्या मोठ्या सोसायटीत आपल्यावर विश्वास ठेवणारे दोघे निघाले याचं त्याला इतकं भरून आलं की त्याने दोघांकडेही काजूकतलीचा पुडा पाठवला. तो माझ्याकडे पोचता करायला आमचा वॉचमन आला, आणि वॉचमन वाटेत कुणाशी बोलत नाही असं कधी होत नाही.

"खरंच काही मिळालं असेल," बायको पुडा सोडत म्हणाली, "तर मला तरी सांगा." नाही म्हटल्यावर तिचा चेहरा पडला.

लेकीला सगळी हकीकत फोनवर सांगितली. ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "बाबा, तू वाचताना कायम कॅटनिस होतोस, तिथेच घोळ होतो. तू कॅपिटॉलमधला आहेस. सोफ्यावरचा. पोरं लढत असताना रडतोस, आणि पुढचा भाग कधी येणार विचारतोस. कॉलिन्सने ते पुस्तक तुझ्यावरच लिहिलंय."

"मी सभेत हात वर केला होता."

"हो. आणि संमतीपत्रावर?"

संमतीपत्रावर मी पहिल्याच आठवड्यात सही केली होती. पहिल्या नंबरच्या बाजूने. सेक्रेटरी स्वतः पेन घेऊन घरी आले होते आणि येताना बायकोने मागवलेली कोथिंबीर घेऊन आले होते. ह्यूमच्या कोड्याला यापेक्षा सरळ उत्तर मला माहीत नाही: मूठभर माणसं राज्य करतात, कारण बाकीचे आम्ही पेनचं टोपण काढून तयारच असतो. सरांनी माझ्या आधी सही केली होती.

तेव्हा वाचकहो, ही पुस्तकं जरूर वाचा. मुलांनी तर वाचावीतच, पण पन्नाशीनंतर अवश्य वाचा. कोवळ्या वयात त्यांत साहस दिसतं. आपल्या वयात प्रेक्षकांच्या रांगा दिसतात आणि त्यांतली एक खुर्ची ओळखीची निघते. लाज वाटून त्यांना खांडेकरांचं कव्हर घालू नका. खांडेकर मागणारे भेटतात. आणि पुनर्विकासाच्या सभेत काही विचारायचं असेल, तर ते बोटांनी नको, तोंडाने विचारा, मराठीत विचारा, ते इतिवृत्तात आलं आहे का ते वाचा आणि मगच सही करा.